डासासारखी, पण डास नव्हे: क्रेन फ्लायची ओळख

पाऊस सुरू झाला की बेंगळुरूतील आमच्या प्रयोगशाळेकडे फोनवरून एक छायाचित्र हमखास येते: रोपवाटिकेच्या भिंतीवर बसलेला, अंगाच्या मानाने अतिशय लांब पायांचा 'राक्षसी डास'. सोबत प्रश्न असतो, फवारणी कोणती करावी? उत्तर बहुतेक वेळा एकच असते: कोणतीही नको. तो डास नसून टिप्युलॉइडिया अधिकुळातील क्रेन फ्लाय असते. ती चावत नाही, रक्त शोषत नाही. मादीच्या पोटाचे अणकुचीदार टोक म्हणजे नांगी नव्हे, तो अंडी घालण्याचा अवयव आहे. नराचे टोक बोथट असते.

खात्रीची खूण छातीच्या पाठीवर असते. भिंगातून तेथे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच दिसते. डासाच्या पंखांच्या शिरांवर खवले असतात, क्रेन फ्लायच्या शिरांवर ते सहसा नसतात. केवळ सोंडेवर मात्र विसंबू नये, कारण जिरॅनोमायिया प्रजातीतील माश्यांनाही लांब सोंड असते; ती मध शोषण्यासाठी.

गोंधळ खरा होतो तो अळीबाबत. ओलसर माती, कुजका पालापाचोळा, शेवाळ आणि ओढ्याचा काठ ही तिची घरे. अळी मातकट, दंडगोलाकार व पूर्णतः पायविरहित असते. डिवचल्यास डोके छातीत ओढून घेते. मागच्या टोकाला दोन श्वसनरंध्रे आणि त्यांभोवती बोटांसारखे मांसल उंचवटे असतात. हुमणीला पायांच्या तीन जोड्या असतात व ती अर्धवर्तुळाकार वळते. रोपे कुरतडणाऱ्या अळीला खरे पाय आणि मांसल पाय दोन्ही असतात. रोपवाटिकेतील बुरशीमाशीची अळी याहून बरीच लहान, तिचे काळे डोके नेहमी बाहेर दिसते. चार अवस्था पूर्ण झाल्यावर अळी कोषात जाते. प्रौढ बाहेर पडताना कोष मातीतून अर्धा वर येतो, आणि रिकामी टरफले जमिनीत उभी राहतात. बांधावर ती दिसली तर शोध तेथूनच सुरू करावा.

या कीटकांना सरसकट निरुपद्रवी म्हणणेही योग्य नाही. युरोपातील टिप्युला पॅलुडोसाच्या अळ्या कुरणे व कोवळी धान्यपिके कुरतडतात, तर जपानमध्ये टिप्युला आयनो भाताच्या रोपांना त्रास देते. तथापि बहुसंख्य जाती कुजकी पाने फोडून मातीत मिसळतात. काहींच्या अळ्या भक्षक आहेत. म्हणून रोपे कोमेजली आणि शेजारी अशी अळी सापडली, एवढ्यावरून दोष तिच्यावर ठेवू नये. आधी मुळे तपासावीत.

जगात १५,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी सुमारे ११,००० जातींचे वर्णन अमेरिकेच्या चार्ल्स पॉल अलेक्झांडर या एकाच शास्त्रज्ञाने केले. दक्षिण भारतातील अनेक नमुने त्यांना पी. सुसै नाथन यांच्याकडून मिळाले.

नमुना पाठवताना पाय गळून पडतात, म्हणून प्रत्येक माशी स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावी आणि गळलेले पायही त्यातच टाकावेत. अळीवरून जात ठरवणे अवघड असते. ती त्याच ठिकाणच्या ओल्या मातीसह जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवून प्रौढ निघेपर्यंत थांबावे.