एक्स्प्लेनर : भूसुरुंग स्फोटात जखमी झाला, पण ‘माजी सैनिक’ नाही, गडचिरोलीच्या जवानाला मदत मिळते कुठून?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पण स्फोटात पाय गमावलेल्या जवानाचे उपचार, नोकरी आणि पेन्शनचे प्रश्न पुढची अनेक वर्षे सुरूच राहणार आहेत.

जवान, तरी सैनिक नाही?

गडचिरोलीत लढलेले सी-६० पथक राज्य पोलिसांचे. २००९ या एकाच वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस शहीद झाले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात १५ जवान गेले, सोबत खासगी वाहनाचा चालकही.

बातम्यांत आपण सगळ्यांना ‘जवान’च म्हणतो. सरकारी व्याख्येत मात्र माजी सैनिक म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातला. त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएसचे उपचार, राज्याने २०२० मध्ये दिलेली मालमत्ता करमाफी हे सगळे त्याच्यासाठी. चंद्रपूरचा निवृत्त फौजी त्यात बसतो, शेजारच्या घरातला जखमी पोलीस बसत नाही.

मग पोलिसाला आधार कशाचा?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम २०. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हुद्दाही घटवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. पद रिकामे नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे.

यात एक मेख आहे. सरकार अधिसूचना काढून एखाद्या आस्थापनेला या कलमातून वगळू शकते. २०२१ मध्ये केंद्राने सीआरपीएफसारख्या दलांतील लढाऊ पदे वगळली. म्हणजे एकाच गस्तीत जखमी झालेल्या दोघांना कायदा वेगवेगळा लागू शकतो.

कृत्रिम पायाचे काय?

पुण्यातले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, तिथे नागरिकांनाही पाय बसवून मिळतो. पण कृत्रिम पाय एकदा बसवला की संपले, असे नसते. मांडीचा किंवा पोटरीचा उरलेला भाग आकसतो, सॉकेट सैल होते, घासून जखमा होतात. दर काही वर्षांनी नवे माप घ्यावे लागते. भामरागडहून नागपूरच तीनशे किलोमीटरहून लांब. पुणे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. धानाच्या बांधीतल्या चिखलात हाच पाय वापरायचा असतो, हे माप घेणाऱ्याला आधीच सांगितलेले बरे.

कुटुंबाने काय जपून ठेवावे?

एफआयआरची प्रत, पहिल्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘कर्तव्यावर असताना जखमी’ ही सेवापुस्तकातली नोंद. ती झाली आहे का, हे जवान रुग्णालयात असतानाच कुणीतरी कार्यालयात जाऊन पाहून यावे.