गाडी थांबवायचा हक्क कोणाचा?

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना दोन-तीन ठिकाणी मी घसरलो होतो, ते इथे नीट केलंय. बाकी तेच आहे.

टीमवर्कवर एपिसोड करा असे बरेच मेसेज आले. खरं सांगू? टीमवर्क म्हटलं की मला एचआरने नेलेली ती आउटिंग आठवते. दोरीखेच, फुगे, ग्रुप फोटो, आणि सोमवारी सगळं पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून मी ऑफिसपासून सुरुवात करत नाही. आपल्या कोकण रेल्वेच्या पावसाळी गस्तीपासून करतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची स्पेशल गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्ष होतंय न होतंय तोच, 16 जून 2004 ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. आपल्याकडचा डोंगर पावसात कसा वागतो हे तुम्हाला सांगायला नको. जांभा आणि लाल माती पाणी पिते, आणि कुठली कातळ कधी सुटेल याचा नेम नसतो.

आज जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात. सोबत यंत्रणाही आहे. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी उपकरणं आहेत. रत्नागिरी आणि निवसरच्या मधला आपला 64 मीटर उंचीचा पानवल पूल, त्याच्यावर वारा मोजणारं यंत्र आहे. जोराचा पाऊस होऊन समोरचं दिसेनासं झालं, तर लोको पायलटने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा असतो.

पण एवढी यंत्रं असूनही दर पावसाळ्यात सहाशेहून जास्त माणसं रुळांवर गस्त घालतात. रेनकोट, बॅटरी, लाल झेंडी, पाठीला सामान. आपण त्यांना गँगमन म्हणतो. रेल्वेच्या उतरंडीत हा माणूस अगदी तळाला. आणि त्याच्या पिशवीत असतात डिटोनेटर, म्हणजे रुळावर बांधायचे फटाके.

दरड दिसली की नियम असा: अडथळ्यापासून 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. इंजिन वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी आवरतो. आता बघा, यात कुठेही ‘आधी साहेबांना विचारा’ असं नाही. वरिष्ठांना कळवायचं असतंच, पण गाडी थांबवायला त्यांची परवानगी लागत नाही. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी मार्ग आहे. एक गाडी थांबली की मागच्या-पुढच्या चार गाड्यांचं गणित बिघडतं. तुतारी लेट झाली की प्लॅटफॉर्मवर मीसुद्धा वैतागतो, खोटं कशाला बोलू! तरी तो हक्क त्या माणसाला दिलाय, कारण दरड त्यालाच दिसते. कंट्रोल रूमला दिसत नाही.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. गस्तीवाला ठरल्या वेळी एका टोकाहून निघतो, वाटेत पलीकडून येणाऱ्या गस्तीवाल्याशी गस्तपुस्तकाची अदलाबदल करतो, स्टेशनवर नोंद होते. तो वेळेवर पोचलाच नाही, तर स्टेशनमास्तर ‘काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक असणार’ असं धरत नाही. काहीतरी बिनसलंय असं धरतो, आणि पुढच्या गाडीला कॉशन ऑर्डर, म्हणजे जपून जाण्याची लेखी सूचना देतो. तिथे गप्प असण्याचा अर्थ ‘धोका’.

आमच्या धंद्यात नेमकं उलटं चालतं. एका आधीच्या नोकरीतली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होतं. टीममध्ये मी सीनियर. कॉलवर मी विचारलं, “कोणाला काही शंका?” दोन सेकंद शांतता. “चला, मग सोडूया.” शनिवारी सकाळी कळलं, की जुन्या ग्राहकांना बिलं दोनदा गेलीत. शनिवार-रविवार निस्तरण्यात गेले. सोमवारी आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा हळूच म्हणाला, “दादा, मला वाटलं होतं जुन्या डेटावर हे फाटेल म्हणून.” मी उसळलोच. “मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “मागे एकदा बोललो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी नीट वाचून ये.”

म्हणालो होतो. सगळ्यांसमोर. मला आठवतही नव्हतं, त्याच्या मात्र लक्षात होतं.

एमी एडमंडसन या संशोधक नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम बघत होत्या. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील, हा अंदाज. आकडे आले ते उलटे! चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसल्या. मग उलगडलं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. 1999 च्या पेपरमध्ये त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटलं. पुढे 2012 मध्ये गूगलने आपल्या 180 टीम तपासायला घेतल्या, तेव्हाही टीममध्ये कोण-कोण हुशार आहे यापेक्षा हीच गोष्ट वर आली. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी असायची, गडबड दिसली की ओढायची. ओढल्यावर लाइन लगेच थांबायची नाही. आधी टीम लीडर धावत यायचा आणि तिथल्या तिथे सुटलं नाही तरच थांबायची. म्हणजे दोरी ओढणं हे मदत मागणं आहे, तक्रार नव्हे.

आता हे सगळं वाचून मी टीमला म्हटलं, “आजपासून मोकळेपणाने बोला हं.” काय झालं असेल? काहीही नाही. असं सांगून कोणी बोलत नसतं. तेव्हा गस्तपुस्तकच उचललं. रिलीजच्या आधी प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: मी काय तपासलं आणि काय तपासलं नाही. ओळ आली नाही तर रिलीज अडतं. ‘काही शंका?’ हा प्रश्न बंद. आणि कोणीही थांबवू शकतं, कारणाची चर्चा नंतर.

पहिले दोन आठवडे सगळ्यांनी ‘सर्व तपासले’ असं ठोकून दिलं. मग मी माझ्या ओळीत लिहिलं, “पेमेंटचा भाग तपासला नाही, वेळ मिळाला नाही.” त्यानंतर बाकीच्यांच्या ओळी जरा खऱ्या यायला लागल्या.

खरी परीक्षा पुढे झाली. त्याच मुलाने एकदा रिलीज अडवलं. दोन तास शोधाशोध केली आणि काहीच निघालं नाही, गैरसमज होता. मॅनेजर कॉलवर आले, आवाज चढलेला. “कोणी थांबवलं?” तो मुलगा म्यूटवर. मी म्हटलं, “टीमने थांबवलं, सर. आता तपासून झालंय, सोडतोय.” मॅनेजर पुटपुटले ते पुटपुटलेच. पुढच्या महिन्यात त्याने परत एकदा अडवलं, आणि त्या वेळी खरंच दरड होती.

तुमच्याकडे काम थांबवायचा हक्क कोणाला आहे? दुकान असो, हॉस्पिटल असो, बोट असो, व्हॉइस नोट पाठवा. बॉसचं नाव घेऊ नका, बाकी काहीही चालेल. निवडक नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये लावतो.