सुकाफा: आसामचा पाया घालणारा राजा मुळात आसामचा नव्हताच!

दरवर्षी २ डिसेंबरला आसाममध्ये 'असोम दिवस' साजरा होतो. तो ज्याच्या स्मरणार्थ होतो, तो राजा डोंगर ओलांडून बाहेरून आला होता. १९७९ ते १९८५ या काळात 'बाहेरचे' या मुद्द्यावर मोठं आंदोलन झालेल्या राज्यात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

या राजाचं नाव चाओलुंग सुकाफा.

तो आला कुठून?

सुकाफा ताई वंशाचा राजपुत्र. थायलंडचे थाई, लाओसचे लाओ आणि म्यानमारचे शान हे त्याचे दूरचे भाऊबंद. चीनचा युनान प्रांत आणि म्यानमार यांच्या सीमेवरच्या मोंग माओ भागातून तो निघाला. तिथली गादी आपल्याला मिळणार नाही हे दिसल्यावर त्याने नवा मुलूख शोधायचं ठरवलं, असं अहोमांच्या 'बुरंजी' म्हणजे बखरी सांगतात. त्यांच्यानुसार सोबत सुमारे ९ हजार माणसं, ३०० घोडे आणि दोन हत्ती होते.

पाटकाई डोंगर ओलांडून १२२८ मध्ये तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. हा प्रवास रक्तरंजित होता. वाटेत विरोध करणाऱ्या नागा गावांवर त्याने केलेल्या क्रूर अत्याचारांची वर्णनं बुरंजींमध्येच आहेत.

मग राज्य टिकलं कसं?

खोऱ्यात मात्र त्याने वेगळं धोरण ठेवलं. मोरान आणि बराही या स्थानिक जमातींशी त्याने शक्यतो लढाई टाळली आणि त्यांना कारभारात सामावून घेतलं. सोबतच्या लोकांत बहुसंख्य पुरुष होते. त्यांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली आणि बघता बघता पाहुणे सोयरे झाले.

दुसरं कारण भातशेती. स्थानिक लोक मुख्यतः झूम, म्हणजे फिरती शेती करत. अहोमांना बांध घालून, पाणी अडवून खाचरात भात पिकवणं ठाऊक होतं. एकाच जागी जास्त धान्य पिकलं, तर जास्त माणसं आणि सैन्य पोसता येतं.

तिसरं कारण कारभार. बुढागोहाईं आणि बरगोहाईं या दोन मोठ्या मंत्रिपदांमुळे सगळी सत्ता एकट्या राजाच्या हाती राहिली नाही.

तरीही बस्तान लगेच बसलं नाही. पूर आणि इतर अडचणींमुळे त्याला अनेकदा मुक्काम हलवावा लागला. अखेर १२५३ मध्ये चराईदेव इथे राजधानी वसली. १२६८ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

पुढे काय झालं?

अहोमांची सत्ता जवळपास ६०० वर्षं टिकली. १६७१ मध्ये सराईघाटच्या लढाईत मुघलांना हरवणारा लाचित बडफुकन याच राज्याचा सेनापती. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएमध्ये सर्वोत्तम कॅडेटला त्याच्याच नावाचं सुवर्णपदक दिलं जातं. १८२६ च्या यांदाबू तहानंतर आसाम इंग्रजांच्या ताब्यात गेला.

चराईदेवचे 'मोईदाम', म्हणजे अहोम राजघराण्याच्या मातीच्या टेकड्यांसारख्या समाध्या, जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

आज अहोम समाज असमिया बोलतो. त्यांची मूळ ताई भाषा आता प्रामुख्याने पुरोहितांच्या धार्मिक विधींपुरती उरली आहे. राज्य जिंकायला आलेल्यांनी शेवटी त्या मातीचीच भाषा आपली मानली. सुकाफाला 'आसामचा' म्हणताना आज कुणाला अडखळायला होत नाही, ते त्यामुळेच.