‘सबमिट’ दाबल्यावर काय होते?

इंदूरमध्ये महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरायला पुष्कळ जण ‘एमपी ऑनलाइन’चे किऑस्क गाठतात. मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांचा हा उपक्रम 2006 सालचा. पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याला आतून एक नाव दिलेले असते. ‘सबमिट’ दाबताच ब्राउझर रकान्याचे नाव आणि त्यात भरलेला मजकूर यांच्या जोड्या लावून सर्व्हरकडे धाडतो. पानाचे चित्र जात नाही, जातात त्या फक्त जोड्या; वाटेत कोणी वाचू नयेत म्हणून कूटबद्ध केलेल्या.

अर्जात भरायचा समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या रहिवाशाचा ओळख क्रमांक, 9 अंकी असतो. 8 अंक भरले तर ब्राउझर तिथेच अडवू शकतो. पण ब्राउझर पडला अर्जदाराच्या ताब्यातला, त्याला चकवता येते. म्हणून सर्व्हर सगळे पुन्हा तपासतो. खरी तपासणी हीच. मग नोंद होऊन अर्ज क्रमांक मिळतो.

नेट अडखळले की गोची होते. रजिस्टर टपाल पोचावे आणि पोचपावती गहाळ व्हावी, तसा प्रकार: अर्ज पोचलेला असतो, पण अर्ज क्रमांक परत येत नाही. अधीर बोट पुन्हा बटण दाबते आणि एकाचे दोन अर्ज होऊ शकतात. यावर तोड म्हणून अनेक संकेतस्थळे प्रत्येक कोऱ्या फॉर्ममध्ये एक छुपा क्रमांक घालतात. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, की नवी नोंद होत नाही.