स्क्रीन काळी, पण माहिती शाबूत

बटण दाबले की दिवा लागतो, पंख्याची घरघर सुरू होते. स्क्रीन मात्र काळीच. प्रकल्प उद्या द्यायचा असतो, दुकानाचे हिशेब आत असतात. 'सगळे गेले' ही धास्ती आधी येते. प्रत्यक्षात स्क्रीन न दिसणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संगणक सुरू होताच विंडोज उघडत नाही. आधी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम (पूर्वी बायोस, आता यूईएफआय) प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची तपासणी करतो. तिला 'पोस्ट' म्हणतात. ती पार पडल्यावरच हार्ड डिस्कवरून विंडोज वाचले जाते. बिघाड या पहिल्या टप्प्यातच असेल, तर डिस्कवरील फायलींना हातही लागलेला नसतो. मात्र तेव्हा ग्राफिक्स सुरू झालेले नसल्याने स्क्रीनवर सूचनाही दिसत नाही. म्हणूनच १९८१च्या आयबीएम पीसीपासून संगणक 'बीप' वाजवून बोलतो. तपासणी ठीक झाली की त्यात एक छोटा बीप वाजे. बीपचे अर्थ कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे ते मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावेत. अलीकडच्या अनेक बोर्डांवर बीपऐवजी छोटे दिवे असतात. प्रोसेसर, रॅम की ग्राफिक्स, तपासणी कुठे अडली ते त्यावरून कळते.

शोध सोप्यापासून सुरू करावा. मॉनिटरचा दिवा लागतो का? केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का? वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डला नव्हे, त्या कार्डला जोडावी. मग कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे आणि दोष बहुधा दिसण्यातच आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसले, तर मागचा प्रकाश गेलेला असू शकतो.

त्यानंतर पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून, प्लग उपसून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. डेस्कटॉप असेल तर प्लग काढलेला असतानाच, धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि रॅमची पट्टी काढून घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दमट हवेत, धुळीत ही जोडणी खराब होऊ शकते. नवी डीडीआर५ रॅम बसवली असेल, तर पहिल्यांदा काही मिनिटे स्क्रीन काळी राहू शकते. घाईने बंद करू नये. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते.

कंपनीचे चिन्ह दिसून मग स्क्रीन काळी होत असेल, तर दोष बहुधा विंडोज किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबाव्यात. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेही जमले नाही, तर 'सेफ मोड' वापरून पाहावा.

एवढे करूनही यश आले नाही, तर दुरुस्तीला देताना पहिलेच वाक्य असावे, 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.' डिस्क सुटी करता येत असेल, तर दुसऱ्या संगणकाला जोडून फायली बहुधा काढता येतात. बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे असावीच. ती असेल, तर काळी स्क्रीन ही फक्त दुरुस्तीची बाब उरते.