रोमन नाण्यांवरील पारखीचे ठसे

रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील चांदीचा ‘देनारियस’ तळहातावर घेऊन न्याहाळू लागले म्हणजे शिरस्त्राण घातलेल्या रोमादेवीच्या गालावर, किंवा मागील बाजूस धावणाऱ्या घोड्यांच्या पायांशी, दोन-तीन मिलिमीटरची चंद्रकोर, टिकलीएवढे वर्तुळ किंवा एखादे अक्षर आत दबलेले पुष्कळदा आढळते. आणि नवखा संग्राहक ते पाहून, नाणे नासले म्हणून, हळहळतो. ही हळहळ मला अस्थानी वाटते. टांकसाळीचा शिक्का नाणे कोणी पाडले एवढेच सांगतो. ते पुढे कोणाच्या हाती गेले आणि त्याच्यावर कोणी संशय घेतला, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे हा चिमुकला ठसाच होय.

संशयाला कारणही सबळ होते. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून केलेली खोटी नाणी त्या काळी बाजारात सर्रास खेळत असत, आणि नुसत्या नजरेने ती ओळखता येत नसत. म्हणून रोमन सराफ नाण्याच्या अंगात लहानसा ठसा ठोकून आतील धातू पाही, आणि खरे ठरलेल्या नाण्यांची थैली बांधून तिला हाडाची किंवा हस्तिदंताची एक लहानशी पट्टी अडकवी, जिच्यावर पारखणाऱ्याचे नाव, त्याच्या धन्याचे नाव, तारीख आणि ‘पाहिले’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला असे. आपल्याकडे रुपयावर खुणा ठोकून बट्टा ठरविणाऱ्या सराफांची व खजिन्यातील पोतदारांची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात परके असे काहीच वाटणार नाही. इ. स. पू. 85 च्या सुमारास मारियस ग्राटिडियानस या प्रेटरने नाण्यांच्या पारखीसंबंधी हुकूम जाहीर केला, तेव्हा चलनाच्या अनिश्चिततेने गांजलेल्या रोमच्या प्रजेने गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. तो हुकूम सर्व अधिकाऱ्यांनी मिळून सिद्ध केला होता आणि याने एकट्यानेच पुढे धावून श्रेय लाटले, अशी तक्रार सिसेरोने नोंदवून ठेवली आहे. पुढे रोमन सेनापती सुल्लाच्या पक्षाने ग्राटिडियानसची निर्घृण हत्या केली.

या सराफी खुणांहून निराळी जात म्हणजे प्रतिमुद्रा, अर्थात चालू नाण्यावर अधिकाऱ्याने किंवा सैन्याने वरून मारलेला शिक्का. सराफाची खूण बहुधा नुसतीच खोल दबलेली असते. प्रतिमुद्रेत मात्र चौकोनी किंवा गोल खोलगट चौकटीच्या आत अक्षरे उठावाची असतात. ऑगस्टसच्या तांब्याच्या नाण्यांवरील ‘व्ही, ए, आर’ ही तीन अक्षरे याचा उत्तम नमुना होत. ती जर्मनीचा सुभेदार क्विन्क्टिलियस वारस याची. त्याचा अंमल इ. स. 7 पासून 9 पर्यंतचा, आणि त्या 9 सालीच ट्युटोबर्गच्या अरण्यात तीन लीजनांसह त्याचा नाश झाला. जर्मनीतील कालक्रीझे येथील उत्खननात ही अक्षरे असलेली नाणी निघाली आणि 9 नंतरचे एकही नाणे निघाले नाही, तेव्हा ती रणभूमी हीच असावी या मताला मोठे बळ मिळाले. व्हेस्पासियनच्या नावाची प्रतिमुद्रा मार्क अँटनीच्या हिणकस चांदीच्या देनारियसांवरही दिसते, म्हणजे शंभर वर्षांनंतरही ती नाणी चलनात होती. मात्र सर्वच अक्षरे इतकी सरळ बोलत नाहीत: नीरोच्या काळातील ‘एन, सी, ए, पी, आर’ या अक्षरांतील शेवटच्या दोहोंचा अर्थ कोणी ‘मंजूर केले’ असा लावतात, तर कोणी ‘रोमन जनतेस’ असा.

ओळखण्याची रीत अशी: दिवा एका बाजूस ठेवून नाण्यावर तिरपा उजेड पाडावा, म्हणजे पुसट ठशाच्या कडा सावलीने उठून दिसतात. मग नाणे उलटून ठशाच्या नेमक्या मागची जागा पाहावी. जोराने मारलेल्या घावाखाली तेथील चित्र बहुधा चपटे झालेले असते. नाणे झिजून गुळगुळीत आणि ठसा मात्र ठसठशीत असेल, तर तो पुष्कळ उशिरा पडला असे समजावे. शेवटी ठशाच्या तळाचा रंग पाहावा: भोवतालचे नाणे काळवंडलेले आणि खाच तेवढी चकचकीत असेल, तर ती अलीकडची समजून सावध राहावे.

रोमन नाण्यांवर आपल्या देशातही घाव पडले आहेत. दक्षिणेत पुदुक्कोट्टईला 1898 साली 501 सुवर्णनाणी सापडली; त्यांतील बहुतेकांत सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा छेद आहे, आणि तो चलनातून नाणे बाद करण्यासाठी की पारखीसाठी, यावर विद्वानांचे एकमत नाही. महाराष्ट्रात मात्र स्थानिक नाण्यांवर छेदाऐवजी ठसा मारल्याचे उदाहरण आहे: नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथील 1906 च्या ठेव्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली, त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की वाडवडिलांच्या पेटीत एखादे जुने नाणे निघाले, तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. त्या खाचेतील काळिमा गेला, म्हणजे ठशाचे वय ठरविण्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.