मताची नोंद आणि तिचा वाचक

१८१६च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने स्वतःचेच मानधन वाढवून घेतले. तोवर सदस्यांना हजेरीच्या दिवसामागे सहा डॉलर मिळत. नव्या कायद्याने वर्षाला सरसकट १,५०० डॉलर ठरले. लोक खवळले. ठिकठिकाणी निषेधाच्या सभा झाल्या आणि त्या निवडणुकीनंतर प्रतिनिधीगृहातले जवळपास दोन तृतीयांश सदस्य परत आले नाहीत; काही हरले, काहींनी उभे राहण्याचेच टाळले. सभापती हेन्री क्ले यांच्यासारख्या वजनदार नेत्यालाही केंटकीत घाम गाळावा लागला. पराभूतांनी भरलेल्या त्याच काँग्रेसने जाता जाता कायदा मागे घेतला. मत दिले आणि त्याची किंमत मोजली, इतका सरळ व्यवहार अमेरिकेत पुढे क्वचितच दिसला. नोंदी मात्र वाढत गेल्या. आज कोणत्याही राज्यातल्या मतदाराला आपल्या दोन सिनेटरांनी आणि आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने कशावर काय मत दिले, हे घरबसल्या पाहता येते. तरीही हिशेब नीट लागत नाही. नोंद खुली असली की जबाबदारी आपोआप येते, हे गृहीतकच कच्चे आहे. ती नोंद कोण वाचतो आणि कामकाजाच्या कोणत्या टप्प्यावरची वाचतो, यावर सगळे अवलंबून असते.

मुळात नोंदीची सोय राज्यघटनेतच आहे. उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली, तर कोणी होकार दिला आणि कोणी नकार, हे इतिवृत्तात नावानिशी नोंदवावेच लागते. पण प्रतिनिधीगृहातल्या दुरुस्त्यांची खरी झटापट जिथे होई, त्या संपूर्ण सभागृहाच्या समितीत १९७०पर्यंत नावे नोंदली जात नसत. सदस्य रांगेने मोजणाऱ्यांसमोरून जात, डोकी मोजली जात, आणि कोण कोणत्या रांगेत होता हे गुलदस्त्यात राही. १९७०च्या सुधारणा कायद्याने हा आडोसा काढला. १९७३मध्ये विजेवर चालणारी मतनोंदणी आली. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच जागी अडतो. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्या खासदाराची खासदारकीच जाऊ शकते, त्यामुळे त्याच्या मताचा जाब त्याला विचारावा की पक्षाला, असा पेच उरतो. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही. म्हणून तिथे मत त्या माणसाचे आणि जबाबही त्याचाच.

हा जाब आधी मागतात ते संघटित गट. अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक ॲक्शनसारख्या संघटना सदस्यांना मतांवरून गुण देतात. पर्यावरणाच्या बाजूने लीग ऑफ कन्झर्व्हेशन व्होटर्स हेच करते. हे काम उपयोगाचे आहे, पण गुण देण्यासाठी कोणती मते निवडायची हे ती संघटना ठरवते. शिवाय एका मतात अनेक गोष्टी कोंबलेल्या असतात. डिसेंबर २०२०मध्ये सरकारी खर्च आणि कोविड मदत एकाच विधेयकात बांधून ५,५९३ पाने सदस्यांच्या हाती पडली आणि काही तासांत मतदान झाले. त्यावरच्या ‘हो’चा अर्थ कोणत्या पानाला लावायचा? गुणपत्रिकेत तो फक्त एक आकडा होतो.

नोंद कोण वाचतो याने निकाल कसा फिरतो, ते दोन प्रसंगांत दिसले. जानेवारी २०२१मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी मत दिले. चौघे पुन्हा उभे राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, हरले. वायोमिंगच्या लिझ चेनी त्यांपैकी. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांना तीस टक्केही मते मिळाली नाहीत. टिकले ते दोघे, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वलाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. दोन्हीकडे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात. हीच पद्धत असूनही त्या दहांपैकी वॉशिंग्टनच्याच हेरेरा ब्युटलर हरल्या, म्हणजे पद्धत हे रामबाण औषध नव्हे. पण पहिला निवाडा पक्षाच्या निष्ठावंतांच्या हाती आहे की सगळ्यांच्या, याने फरक पडतो. मेनमध्ये याच्या उलटे घडले. २०१८मध्ये तिथल्या रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी ब्रेट कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीच्या बाजूने मत दिले, तेव्हा त्यांच्या भावी प्रतिस्पर्ध्यासाठी, तो ठरण्याआधीच, देशभरातून लाखो डॉलर जमले. २०२०मध्ये मेनने अध्यक्षपदासाठी बायडन यांना कौल दिला आणि सिनेटसाठी पुन्हा कॉलिन्स यांना. बाहेरच्यांचा राग म्हणजे राज्याचा निवाडा नव्हे, एवढे यातून नक्की कळते.

यावर जुना आक्षेप आहे, आणि तो भक्कम आहे: प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे, त्याने विवेक वापरावा. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी १७७४मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना हेच सुनावले होते. १७८०मध्ये तिथली जागा त्यांनी गमावली. ऑगस्ट १९६४मध्ये अध्यक्षांना व्हिएतनामच्या बाबतीत लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा टॉन्किन आखाताचा ठराव अमेरिकी सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोधातले दोघे, ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग, १९६८मध्ये हरले. पुढे व्हिएतनाम युद्धाने त्यांचेच म्हणणे खरे ठरवले. मग मतावरून शिक्षा करण्यात शहाणपण काय? माझे उत्तर असे की जाब मागणे आणि हुकूम सोडणे यांत अंतर आहे. विवेकाने मत दिले असे म्हणणाऱ्याने तो विवेक लोकांसमोर मांडायला हवा, आणि मतदारानेही एका मतावर न जाता कित्येक वर्षांचा हिशेब पाहायला हवा. मोर्स आणि ग्रुएनिंग यांनी आपली कारणे उघडपणे सांगितली होती. उरलेल्या ८८ जणांनीही तितक्याच तपशिलाने कारण द्यावे, असा आग्रह कोणी धरला नाही. दुसरा आक्षेप म्हणजे, उघड नोंदीचा सर्वाधिक लाभ लॉबीवाल्यांना होतो, तेव्हा थोडी गुप्तता बरी. लाभ होतो हे खरे. पण लॉबीवाल्याला आतली बातमी मिळवायला दहा वाटा असतात. सामान्य मतदाराला या नोंदीवाचून दुसरी नाही.

खरी अडचण नोंद होतच नाही तिथे आहे. मार्च २०२२मध्ये घड्याळे कायम एक तास पुढे ठेवण्याचे विधेयक सिनेटने एकमताच्या संमतीने मंजूर केले; कोणी हरकत घेतली नाही, म्हणून कोणाचेच मत नाही. प्रतिनिधीगृहाने ते विचारातच घेतले नाही, म्हणून तिथेही कोणाला जाब विचारायची सोय नाही. कोणते विधेयक पटलावर आणायचे हे नेतृत्व ठरवते. न आणणे हे सर्वांत सुरक्षित मत. ही कोंडी फोडायला एक हत्यार आहे. २१८ सदस्यांनी अर्जावर सह्या केल्या, तर अडकलेले विधेयक सभागृहात ओढून आणता येते, आणि १९९३पासून या सह्या जाहीर असतात. लैंगिक गुन्ह्यांतील आरोपी जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाची कागदपत्रे खुली करण्यासाठी केंटकीचे थॉमस मॅसी आणि कॅलिफोर्नियाचे रो खन्ना यांनी २०२५मध्ये असा अर्ज केला. मॅसी यांच्यासह चारच रिपब्लिकनांनी सही केली. १२ नोव्हेंबरला ॲरिझोनाच्या अडेलिटा ग्रिहाल्वा यांनी शपथ घेतल्या घेतल्या २१८वी सही केली. सहा दिवसांनी विधेयक मताला आले, तेव्हा बाजूने ४२७ होते, विरोधात एक.